कल्याणच्या बाजारातून डोंबिवलीच्या मांडवात

गेल्या माघात आमच्या घरी पुतणीचे लग्न झाले. मुलगा डोंबिवलीचा, आणि लग्नही तिथल्याच एका हॉलमध्ये ठरले. जेवणावळ मुलाकडे आणि हॉलची सजावट आपल्याकडे, अशी बोलणी झाली. त्या सजावटीपायी आमच्या घरात महिनाभर जी खलबते झाली ती इथे लिहितो आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी यंदा ना पुढल्या वर्षी हा प्रसंग येणारच आहे.

आधी घरातली एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. थोरले दादा मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती पाहतात. खरिपात भात आणि पाणी असेल तिथे भेंडी, असा त्यांचा क्रम. मी खात्यातला माणूस. दुसऱ्यांना सल्ले देत गावोगाव हिंडलो, तेव्हा घरच्यांनाही एक सल्ला द्यावा असे मनात आले. 2025 च्या पावसाळ्यात मी दादांना म्हणालो, "अर्धा एकर माळावर झेंडू लाव. दसऱ्याला कल्याणात पैसे होतील." दादांनी ऐकले. पण ऑगस्टातल्या पावसाने रोपवाटिकेत पाणी साचले आणि रोपे मरीने गेली. पुन्हा बी टाकले. दुसरी रोपे शेतात जायला सप्टेंबर उजाडला. "दसरा चुकला तरी दिवाळी साधेल," असे मी सांगितले. माझा हिशेब चुकला. लावणीपासून फूल यायला साठ-पासष्ट दिवस लागतात आणि दिवाळी ऑक्टोबरातच उरकली. आमचा झेंडू पिवळाधमक फुलला तेव्हा लोक फराळाचे डबे घासून ठेवत होते. बाजारात गाडीभाडेही सुटेना. दादांनी चार गोण्या बांधावर ओतल्या आणि माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

म्हणून लग्नाच्या सजावटीचा विषय निघाला तेव्हा दादा म्हणाले, "मला मांडवात खरं फूल नको. प्लॅस्टिकचं चालेल. ते सुकत नाही आणि दगा देत नाही."

जानेवारीअखेर एके दिवशी दादा, वहिनी, पुतणी आणि मी असे चौघे सगळे एकदाच पाहून यावे म्हणून पहाटेच्या अंधारात निघालो. मुरबाडहून कल्याण सुमारे तीस किलोमीटर. हा रस्ता माळशेज घाटातून खाली येतो. जुन्नर, ओतूर, आळेफाट्याकडचा भाजीपाला आणि फुले याच वाटेने रात्रीची उतरतात. रायत्याला उल्हास नदीचा पूल ओलांडला, कांबा, वरप, म्हारळ मागे पडले आणि शहाडपाशी शहराचे दिवे लागले.

कल्याण हे जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. खाडीत आता तशी गलबते येत नाहीत, पण बाजारपेठेचा गुण शहरातून गेलेला नाही. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फूल बाजारात आम्ही शिरलो तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. दिव्यांच्या उजेडात झेंडूचे ढीग, शेवंतीचे क्रेट, ओल्या गोणपाटाखाली निशिगंध, कागदात गुंडाळलेल्या गुलाबाच्या जुड्या. माळशेजच्या वाटेने जुन्नर-नगरकडचा माल आणि कसाऱ्याच्या वाटेने नाशिककडचा. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, टिटवाळा इथले फुलवाले इथूनच माल उचलतात.

पुतणी हरखून गेली. तिला सगळेच हवे होते. मी म्हणालो, "बाई, बी निवडताना आपण हंगाम पाहतो ना? फुलांचंही तसंच." माघ-फाल्गुनाच्या सुमारास शेवंती भरात असते. ती तोडल्यावर दोन-तीन दिवस सहज टिकते, म्हणून थंडीतल्या लग्नाला शेवंतीसारखे सोयीचे फूल नाही. मोगऱ्याचे उलट. फेब्रुवारीत तो नुकता सुरू होतो, थोडा येतो आणि भाव खातो. चैत्र-वैशाखात लग्न असेल तर मोगऱ्याच्या माळांचा विचार करावा. माघात मोगरा फक्त गजऱ्यांपुरता घ्यावा.

मोगऱ्याची एक खूण मी जव्हार-विक्रमगडकडे नोकरीला असताना शिकलो. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी उतारावरच्या जमिनीत मोगरा चांगला जोपासला आहे. घरातली माणसे भल्या पहाटे मिटलेली, पण पांढरी झालेली टपोरी कळी खुडतात आणि पहिल्या गाडीने माल मुंबईकडे धाडतात. ही कळी त्याच दिवशी संध्याकाळी उमलते. म्हणजे संध्याकाळच्या लग्नाला त्या दिवशीचा मोगरा घ्यावा. सकाळच्या मुहूर्तासाठी आदल्या दिवशीची कळी घेऊन गजरे ओल्या फडक्यात ठेवावेत. सकाळी उमललेला मोगरा स्वस्त मिळाला म्हणून घेतला तर दुपारपर्यंत तो तपकिरी पडलाच म्हणून समजा.

दादा मागे उभे राहून सगळे ऐकत होते. एका गाळ्यावर झेंडूचा भाव विचारला. दिवाळीनंतर आम्हांला मिळाला त्याच्या कितीतरी पट! दादांनी एक फूल उचलले, उलटे करून देठाकडून दाबले, पाकळ्या घट्ट आहेत का पाहिले आणि ठेवून दिले. पारख त्यांची उत्तम. फक्त मन कडू झाले होते.

तिथून लोकलने ठाकुर्लीवरून डोंबिवली. पूर्वेला उतरून फडके रस्त्याने निघालो. दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळी नटूनथटून इथेच जमतात. टोकाला गणपतीचे देऊळ. देवळाबाहेरच्या फुलवालीकडे दूर्वांची जुडी, जास्वंद आणि सोनचाफ्याची चार फुले पाण्याने भरलेल्या बाटलीत घालून ठेवलेली. सोनचाफा हाताळला की काळा पडतो, म्हणून ही युक्ती. वसईकडचा चाफा फार चांगला, पण त्याचा दिवस एकच.

दर्शन घेऊन हॉल पाहिला. प्रशस्त, स्वच्छ, वरून पिवळ्या दिव्यांच्या रांगा. सजावटवाल्या गृहस्थांनी मोबाइलवर नमुने दाखवले. राजवाड्यासारख्या कमानी, झुंबरे, गुलाबी फुलांच्या भिंती. फुले सगळी कापडी आणि प्लॅस्टिकची. रक्कम सांगितली 1 लाख 10 हजार.

मी विचारले, "खरी फुलं का लावत नाही?"

ते सरळ मनाचे गृहस्थ होते. म्हणाले, "काका, लग्नसराईत एका दिवसात हॉलवर दोन लग्नं असतात. सकाळचं उतरवून संध्याकाळचं उभं करायला मला तीन तास मिळतात. खरी फुलं ओवायला आणि लावायला माणसं कुठून आणू? प्लॅस्टिकची एक भिंत शंभर लग्नांना चालते."

म्हणणे खोटे नव्हते. पण शंभर लग्नांना चालणाऱ्या भिंतीचे भाडे आपण दर वेळी नव्या वस्तूच्या भावाने देतो, हेही खरे. आणखी एक. महाराष्ट्रात 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलची सजावट बंद झाली. प्लॅस्टिकच्या फुलांवरही बंदी हवी, अशी फुले पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची मागणी आहे. आपणच झेंडू पिकवायचा, भाव नाही म्हणून बांधावर ओतायचा आणि आपल्याच लेकीच्या मांडवात प्लॅस्टिकचा झेंडू भाड्याने लावायचा! मला हे बोलायचे होते, पण बांधावर ओतलेल्या गोण्या आठवल्या आणि मी गप्प राहिलो.

नमुन्यांत एक पडदा वारली चित्रांचा होता, छापील. पुतणीला तो आवडला. मी तिला जव्हारकडच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वारल्यांच्या घरी लग्नात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ते 'काढतात' म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, पाखरे. धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. पुढे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ही चित्रे कागदावर आणून जगभर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण मूळ चौक हा घरच्या बायांनी घरच्या पिठाने घरच्या भिंतीवर लिहिलेला. तो भाड्याने आणायची वस्तू नव्हे.

पुतणी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, मग आपल्या मांडवात आपल्या घरचं काय असणार?"

या प्रश्नाला दादांकडेही उत्तर नव्हते.

दुपारी आम्ही ठाण्याला गेलो. बाशिंगे, मुंडावळ्या, रुखवताचे सामान असे जांभळी नाक्याच्या बाजारात घ्यायचे होते. कौपिनेश्वराच्या देवळाला नमस्कार करून तलावपाळीवर जरा बसलो. 1853 साली बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी या ठाण्यालाच आली, हे पुतणीला सांगितले. मग एका मोठ्या फुलांच्या दुकानात डोकावलो. ऑर्किड, लिली, कार्नेशन, जरबेरा. दुकानदाराने सांगितले, ऑर्किड पुष्कळसे थायलंडहून विमानाने येतात. टिकायला उत्तम, पण एका काडीच्या पैशांत झेंडूची मोठी माळ होईल. जरबेरा पॉलिहाउसातला, दिसायला देखणा, पण देठ पाण्यात हवा. बिनपाण्याचा कमानीला टोचला तर उकाड्यात तासाभरात मान टाकतो.

मुंडावळ्या निवडताना वहिनींनी मोत्यांच्या बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "शेवंतीच्या मी घरी ओवीन." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "भावोजी, परसात झेंडू आहे. दोनशे झाडं."

मला काही समजेना. कार्तिकात दादांनी शेत मोडले तेव्हा वहिनींनी झाडांवर वाळलेली बोंडे वेचून बी धरले होते. मोरीच्या पाण्याजवळ वाफा करून रोपे केली आणि डिसेंबरात परसात, विहिरीच्या पाटाकडेने लावली. दादांना वाटले भाजी लावली. "लग्नाची तारीख पाहूनच लावली," त्या म्हणाल्या. मी पंचवीस वर्षे लावणीची तारीख ठरवायला शिकवतो आहे, आणि या बाईने तोंडातून शब्द न काढता साठ दिवसांचा हिशेब बरोबर बसवला होता!

दादांच्या कानावर घातले तेव्हा गाडीत मुंब्र्याचा डोंगर आला होता. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. दिवा गेले, कोपर गेले. मग विचारले, "सोसायटीचा हप्ता मार्चअखेर आहे ना?"

विकास सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते, थकले की सवलत जाते आणि पुढचे कर्जही अडते. दादांच्या हातात लग्नासाठी राखलेली रक्कम होती. सजावटीला लाख गेले असते तर हप्ता थकला असता. आजवर त्यांचा एकही हप्ता थकला नव्हता.

घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हॉलला माती नाही, खांब रोवता येत नाहीत, म्हणून चौकट, कापड आणि दिवे सजावटवाल्यांचेच घ्यायचे. त्याचे 38 हजार ठरले. फुले आणि पाने आपली. पिवळ्या दिव्यांत पिवळा झेंडू फिका पडतो, म्हणून चौकटीला पांढरी शेवंती आणि हिरवी पाने, आणि दारात, पायऱ्यांवर, जिथे दिवसाचा उजेड येतो तिथे केशरी झेंडू. हे पुतणीने सुचवले. झेंडूच्या एका हातभर माळेला दहाएक फुले लागतात आणि किलोत मध्यम आकाराची शंभरेक फुले बसतात. तेव्हा तीनशे हात माळेला 30 किलो झेंडू. सांडलवंड धरून 33.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे परसातला झेंडू तोडला. संकरित वाणाचे घरचे बी, त्यामुळे फुले लहानमोठी होती, काही केशरी तर काही पिवळसर. माल 14 किलो भरला. वाटेत ऊन लागू नये म्हणून दव सुकताच करंड्यांत भरून सावलीत ठेवला. दादा स्वतः कल्याणला जाऊन बाकीचा झेंडू, शेवंती आणि गजऱ्यांपुरता मोगरा घेऊन आले. सगळी फुले 17 हजारांत झाली. परतल्यावर दादा तोऱ्यात सांगत होते, "दोन गाळे सोडून तिसऱ्यावर घेतला. पहिल्या गाळ्यावरच्या ढिगात खाली कालचा माल होता." ढिगाच्या तळात हात घालून पाहावे, फुले गरम लागली तर सोडून द्यावीत. हे दादांना कुणी शिकवावे लागले नाही.

दुपारपासून आळीतल्या बाया दाभण-दोरा घेऊन अंगणात बसल्या. गाणी झाली, चहाची पातेली रिकामी झाली, लेकीबाळींच्या चौकशा झाल्या. रात्री दहाला माळा तयार. आंब्याचे डहाळे, परसातली केळ आणि उंबराची फांदी टेम्पोत चढली. हॉलमध्ये मुहूर्तमेढीला माती हवी म्हणून दादांनी रंगाच्या डब्यात शेतातली माती भरून घेतली.

इथे माझी एक चूक सांगतो. तीन पिशव्या माळा मी घाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधले. ओली फुले अशी कोंडली की आतून उबतात, हे मी शेकडो सभांत सांगितले आहे. पहाटे हॉलवर पिशव्या उघडल्या तर माळा काळवंडलेल्या. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?" त्या माळांतली बरी फुले काढून पायऱ्यांवर पसरली, बाकीची टाकून दिली. मागच्या दाराला तोरण कमी पडले. कुणाच्या लक्षातही आले नाही, पण माझ्या आले.

सहाला हॉल ताब्यात मिळाला आणि मुहूर्त 11 वाजून 40 मिनिटांचा. पुतणे, भाचे, गावची पोरे कामाला लागली. साडेनऊला चौकट उभी होती. आंब्याच्या पानावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे ते तोडल्यावरही लवकर कोमेजत नाही. आपल्या वाडवडिलांनी तोरणाला हेच पान उगाच निवडलेले नाही. मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा पंख्याच्या वाऱ्यावर शेवंतीचा वास साऱ्या हॉलभर फिरत होता. मुलाची आजी मांडवाच्या खांबाशी आली, माळेला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "खरी आहेत गं!" आमच्या वहिनींनी पदराने डोळे पुसले. लेक चालली म्हणून की झेंडूसाठी, ते मी विचारले नाही.

शेतकरी बंधुभगिनींनो, सर्वांनी खरीच फुले लावावीत, असा माझा हट्ट नाही. घरात माणसे नसतील, हॉल दोन तासच मिळत असेल तर ते जमणार नाही. पण सजावटवाल्यांकडे जाण्याआधी घरी बसून चार गोष्टी ठरवून ठेवा. लग्नाच्या महिन्यात कोणते फूल भरात असते? मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा? आपल्या परसात काय आहे आणि तीन महिने आधी काय लावता येईल? आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: सजावटीला जाणारा पैसा कोणत्या हप्त्याच्या तोंडचा आहे? झेंडूसाठी लग्नाच्या तारखेआधी नव्वद दिवसांनी बी टाका, थंडीत आणखी आठवडा धरा. ओवलेल्या माळा करंडीत, ओल्या फडक्याखाली ठेवा. पिशवीचे तोंड बांधू नका.

मार्चात दादांनी सोसायटीचा हप्ता भरला. पावती मला दाखवली नाही, खुंटीला अडकवून ठेवली. मागे जूनमध्ये मी घरी गेलो तेव्हा ओटीवर बियांची दोन पाकिटे होती. मी काही बोलण्याआधीच दादा म्हणाले, "या वेळी गादीवाफ्यावर, वर छप्पर करून. आणि बी दोनदा टाकणार, पंधरा दिवसांच्या अंतराने. एक गेलं तर दुसरं."

हा सल्ला मी द्यायला हवा होता, तोही वर्षभर आधी.